डबीभर खोकला

फुग्याला खोकला येईना.

अडीच महिन्यांपूर्वी हेच कोणी सांगितलं असतं, तर त्याच्या बायकोने सांगणाऱ्याच्या तोंडात साखर घातली असती. तेव्हा तो असा खोकायचा की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे आणि वरच्या मजल्यावरचे खाली. आणि आज दवाखान्याच्या मागच्या अंगणात, झाकणाची प्लास्टिकची डबी हातात धरून तो केव्हाचा उभा होता, तर छाती रुसलेल्या जावयासारखी गप्प. त्याने तिला समजावलं, दटावलं, स्वतःच्याच पाठीत गुद्दा घालायचा प्रयत्न केला आणि खांदा दुखावून घेतला. शेवटी नुसता घसा खाकरून जे आलं ते डबीत टाकलं, झाकण लावलं आणि तपासणीच्या खिडकीत नेऊन दिलं.

खिडकीच्या आत लॅबवाल्या ताई बसायच्या. त्यांनी डबी उजेडात धरली, तिरकी केली आणि परत केली.

"ही थुंकी आहे."

"हो ताई. माझीच आहे."

"तुमचीच असेल. पण मला थुंकी नको, बेडका हवाय. छातीतून आलेला, घट्ट."

"आता घट्ट येत नाही हो. तुमच्याच गोळ्यांनी बंद झाला."

"चांगलं आहे. पण दोन महिन्यांच्या गोळ्यांनंतरची तपासणी आहे. नमुना द्यावा लागेल."

"म्हणजे बरा झालो हे सांगायला मी आधी आजारी पडून दाखवू?"

ताईंनी नवी डबी पुढे सरकवली. "सकाळी उठल्यावर, चूळ भरून. उघड्यावर, लोकांपासून लांब. आणि घशातून नाही, पोटातून खोका."

फुग्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, आणि वाजवताना त्याचे गाल असे फुगायचे की लहान मुलं टाचणी शोधायची. बँडमास्तर म्हणत, चांगल्या ट्रम्पेटवाल्याचे गाल फुगत नाहीत. पण वरचा सूर त्याच्याइतका लांब धरणारा दुसरा कोणी बँडमध्ये नव्हता, त्यामुळे मास्तर हे म्हणत आणि सोलो त्यालाच देत. आजारपणात गाल आत गेले, नाव तेवढं बाहेर राहिलं.

आणि आता सोलोही जायच्या वाटेवर होता. येत्या रविवारी बागेतल्या नव्या कारंज्याचं उद्घाटन होतं. बँडने एक संथ धून वाजवायची, शेवटी ट्रम्पेटने एकट्याने वर चढत जायचं, सर्वांत वरचा सूर धरायचा, आणि तो धरलेला असतानाच नगराध्यक्षांनी बटण दाबायचं. मग पाणी उडायचं. म्हणजे पाणी सुरावर उडणार होतं. असा मान ट्रम्पेटला जन्मात एकदाच मिळतो, असं फुग्याचं म्हणणं होतं. मास्तरांचं म्हणणं वेगळं होतं.

"माणूस स्वच्छ आणि वाद्य स्वच्छ, असं दवाखान्याच्या कागदावर लिहून आण," ते म्हणाले होते. "नाहीतर क्लॅरिनेट आहेच."

"मास्तर, वाद्याचं दवाखाना कसं लिहून देईल?"

"ते तू बघ."

क्लॅरिनेटवाला तो सोलो घरी घोटायला लागलासुद्धा होता. त्याचं घर फुग्याच्या घरासमोरच होतं. खिडकी तो मुद्दाम उघडी ठेवायचा.

फुग्याला टीबी आहे हे कळलं, त्या दिवशी डॉक्टरांनी त्याला पुष्कळ माहिती दिली होती. ती सगळी तो शब्द उच्चारल्यानंतर दिली, ही त्यांची चूक. 'टीबी' म्हटल्याबरोबर फुग्याचे कान बंद झाले. पुढे डॉक्टरांचे ओठ हलत राहिले आणि हा आदबीने मान डोलवत राहिला. म्हणून गोळ्या सुरू झाल्यावर दुसऱ्याच सकाळी न्हाणीघरातून त्याची हाक आली, "अगं, इकडे ये! संपलं सगळं!"

बायको धावत गेली. तिने पाहिलं. लघवी चक्क केशरी होती.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं ना हे," ती म्हणाली. "गोळ्यांचा रंग आहे. मी होते की तिथे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"अहो, तुमच्याच तोंडावर सांगितलं त्यांनी! तुम्ही 'हो डॉक्टर' म्हणालात."

तर अशी माहिती. जी कानात गेली नाही तिची जागा मग ज्याच्या त्याच्या मतांनी भरली. फुग्याचं स्वतःचं मत असं, की इतकी वर्षं फुंकून फुंकून छाती झिजली, चपलेचा तळ झिजतो तशी. बायकोचं मत, तालमीहून आल्या आल्या घटाघटा गार पाणी पिण्याने झाला. क्लॅरिनेटवाला म्हणाला, "ट्रम्पेटवाल्यांना होतोच. क्लॅरिनेटला होत नाही. लाकूड असतं ना." आणि मास्तर म्हणाले, रोग पितळेत बसतो. ट्रम्पेट बँडच्या मालकीचा होता. त्यांनी तो आधी उकळायला सांगितला, मग गच्चीवर उन्हात ठेवला, मग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तालमीच्या खोलीत उंच खिळ्याला टांगला. त्याच्याखालून जाताना वादक श्वास रोखायचे.

शेजाऱ्यांना बायकोने 'अल्सर' सांगितलं होतं. त्यामुळे घरात दूध, लोणी आणि पोटाला थंडावा देणाऱ्या पदार्थांची रीघ लागली, आणि फुग्याचं वजन वाढायला त्याचा चांगलाच उपयोग झाला. फुग्या मात्र आपली थाळी-पेला घेऊन गॅलरीत जेवायला बसायचा. "आत या," बायको म्हणायची. "भांड्यांनी होत नाही म्हणालेत डॉक्टर." "डॉक्टर काय, बोलतात," म्हणून तो तिथेच बसायचा. तिथून समोरचं क्लॅरिनेट स्पष्ट ऐकू यायचं.

मरणाची भीती त्याला सुरुवातीचे काही दिवस वाटली. एकदा तर त्याने स्वतःच्या अंत्ययात्रेची पूर्ण कल्पना केली. बँड पुढे, हार वगैरे. मग त्याच्या लक्षात आलं, की त्यात त्याचा सोलो क्लॅरिनेटवाला वाजवतोय. तेव्हापासून त्याने एकही गोळी चुकवली नाही.

ताईंनी नवी डबी दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खोकला काढण्यासाठी घरात जय्यत तयारी झाली. मदतीला धडाम आला. धडाम म्हणजे बँडचा ढोलवाला, फुग्याचा जुना दोस्त. त्याचं बोलणं, बसणं आणि दार लावणं एकाच आवाजात होत असे.

"पालथा हो," धडाम म्हणाला. "पाठीवर ताल देतो. सैल होईल."

त्याने ताल दिला. साधा दिला, दुप्पट दिला, शेवटी मिरवणुकीचा दिला. खाली कोणीतरी "कोणाची वरात?" म्हणून विचारलं. फुग्याच्या तोंडून "आई गं"शिवाय काही निघालं नाही.

"वहिनी, मिरच्या टाका तव्यावर," धडाम म्हणाला.

वहिनींनी सुक्या मिरच्या तव्यावर टाकल्या. क्षणभरात धूर घरभर झाला. वहिनी खोकू लागल्या. धडाम खोकता खोकता भिंतीला टेकला. क्लॅरिनेटवाला काय चाललंय बघायला आला होता, तो उंबऱ्यातच दुमडला. शेजारची मांजर खोकली. मध्यभागी, डबी तोंडापाशी धरून, डोळ्यांतून घळाघळा पाणी काढत फुग्या उभा. छाती स्वच्छ, शांत, जशी काही दुसऱ्याचीच.

"अहो, खोका ना!" बायको पदराने डोळे पुसत ओरडली. "एरवी नको तेव्हा खोकत होतात!"

"येत नाही तर काय करू! तूच खोक डबीत."

"मी देतो हवं तर," धडाम म्हणाला. "माझा घट्ट आहे."

"आणि तुझ्यात काही निघालं म्हणजे?"

धडामने डबी लगेच परत दिली.

शेजारच्या बाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "अहो वहिनी, अल्सरला मिरचीची धुरी चालते का?"

त्या दिवशीचा खोकला तसाच राहिला. पण दुपारी धडामच्या डोक्यात प्रकाश पडला. ट्रम्पेट बराच वेळ वाजवला, की आत पाणी साचतं. खालच्या बाजूला एक छोटी झडप असते, ती दाबून वादक ते पाणी काढून टाकतात. प्रत्येक वादकाला ते माहीत असतं, आणि प्रत्येक वादक त्याला थुंकीच म्हणतो.

"ते कुठून येतं?" धडामने विचारलं.

"माझ्या फुंकेतून."

"फुंक कुठून येते?"

फुग्याने छातीला हात लावला.

"मग?" धडाम म्हणाला. "खोकण्यापेक्षा खोलवरून आलेला माल आहे तो!"

तालमीची खोली लाकडाच्या वखारीवर होती. दुपारी तिथे कोणी नसे. किल्ली धडामकडे, कारण ढोल सर्वांत आधी पोचावा लागतो. फुग्याने स्टुलावर चढून खिळ्यावरची पिशवी काढली, दोरी सोडली. पितळ काळवंडलं होतं. त्याने बटणं दाबून पाहिली. तीनही अलगद खाली गेली, अलगद वर आली.

"अडकली नाहीत!"

"कशी अडकतील," धडाम दुसरीकडे बघत म्हणाला. "अधूनमधून तेल घालत होतो मी. सगळे गेल्यावर."

त्याने ट्रम्पेट ओठांना लावला. पहिला सूर गाढवासारखा निघाला. दुसरा जरा बऱ्या घरच्या गाढवासारखा. मग एक खालचा, गोल, जुना सूर आला, आणि फुग्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही किंचित केशरी. तो बसून वाजवतच राहिला, दम लागेपर्यंत. दम पूर्वीपेक्षा लवकर लागला. शेवटी धडामने झडपेखाली डबी धरली. थेंब, थेंब, मग छोटी धार.

"वा!" धडाम म्हणाला. "जवळजवळ अर्धी भरली!"

दुसऱ्या दिवशी ताईंनी दोघांनाही खिडकीपाशी बोलावलं. डबी त्यांच्या समोर होती. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता.

"हा नमुना तुमचा आहे?"

"हो ताई. छातीतला. खोलवरचा."

"मी काच मायक्रोस्कोपखाली ठेवली. छातीतली एकही पेशी नाही. पाणी आहे. थोडा हिरवट रंग आहे. आणि तेलाचे गोळे आहेत." त्या थांबल्या. "तुमच्या छातीला कोणी तेल घातलंय का?"

"मी घातलं," धडाम म्हणाला.

ताईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग फुग्याने सगळं सांगितलं. पितळ, पिशवी, खिळा, मास्तरांची अट, कारंजं, सगळं. ताई हसल्या नाहीत. अर्थात मास्क होता, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही.

"ट्रम्पेटला टीबी होत नाही," त्या म्हणाल्या. "त्याला फुप्फुस नाही. हे जंतू हवेतून येतात. एखादा आजारी माणूस खोकतो, ते हवेत राहतात, दुसरा तीच हवा आत घेतो. खोली बंद असेल तर पुष्कळ वेळ राहतात. तुमची तालमीची खोली कशी आहे?"

"मोठी आहे."

"खिडक्या?"

"आहेत की. गाद्यांच्या मागे."

"गाद्या कशाला?"

"समोरच्या इमारतीतले काका आवाजाची तक्रार करतात," फुग्याने समजावलं. "म्हणून मास्तरांनी खिडक्या लावून त्यावर जुन्या गाद्या ठोकल्यात. वाऱ्याची झुळूकसुद्धा येत नाही!" हे त्याने जरा अभिमानाने सांगितलं, आणि सांगता सांगता त्याचा आवाज खाली आला.

"तुमच्या आधी त्या खोलीत बरेच दिवस कोण खोकत होतं?"

"कोणीच नाही," फुग्या म्हणाला. "ऐकू आलं असतं की."

धडामची बोटं खिडकीच्या फळीवर आपोआप वाजू लागली होती. ती थांबली.

"धडाम?"

"डावी भुवई," धडाम पुटपुटला. त्याला पुटपुटताना कोणी पूर्वी ऐकलं नव्हतं. "मास्तरांची डावी भुवई वर गेली की मी ढोल मारायचा. बँडमास्तर खोकताना ऐकू आला तर बँडची लाज जाते, म्हणाले. सुरुवातीला मला वाटलं, धुनेतच आहे तसं."

फुग्याच्या डोक्यात एकेक धून उलगडत गेली. अंगाईच्या मध्येच 'धडाम'. पाहुण्यांच्या स्वागताच्या हळुवार सुरावटीत 'धडाम, धडाम'. गेल्या वर्षीच्या स्पर्धेत तर परीक्षकांनी त्याला 'धाडसी प्रयोग' म्हणून खास बक्षीस दिलं होतं.

"केव्हापासून?"

"तुझ्या खूप आधीपासून."

ताईंनी मास्तरांबद्दल काही मत दिलं नाही. त्या खोलीतल्या प्रत्येकाने येऊन तपासून घ्यावं, आणि मास्तरांनी सर्वांत आधी, एवढंच म्हणाल्या. मग नवी डबी काढली. "आता तुमचं. सर्वांत लांब सूर धरायच्या आधी श्वास कसा भरता?"

"पोटापासून. बरगड्या उघडून."

"अंगणात जा. तसा भरा, धरा, सोडा. पुन्हा भरा, धरा, सोडा. मग तिसऱ्यांदा भरा, आणि सूर काढू नका. खोका."

फुग्या अंगणाच्या टोकाला गेला. त्याने पाय रोवले, हात ट्रम्पेट धरल्यासारखे वर गेले. भरला, धरला, सोडला. पुन्हा. तिसऱ्यांदा भरला तेव्हा गाल फुग्यासारखे झाले, आणि कुठूनतरी तळातून, जुन्या ओळखीचा, भारदस्त, खराखुरा खोकला वर आला. बाकावर बसलेल्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. एकाने "पुन्हा!" असंही म्हटलं.

दोघे घराकडे निघाले.

"मास्तरांना कोण सांगणार?" धडाम म्हणाला.

"तू सांग."

"मी ढोलवाला. मी सांगितलेलं अर्ध्या गावाला ऐकू जाईल."

"मी सांगितलं तर म्हणतील, सूड घेतोय. सोलो गेलाच मग."

"रविवारनंतर सांग. रिपोर्ट चांगला येईल, तू वाजव, कारंजं उडू दे, मग सांग."

फुग्याला हे फार पटलं. पटलं म्हणूनच त्याला अस्वस्थ वाटायला लागलं. कारण रविवारपर्यंत रोज तालीम होती, रोज गाद्या होत्या, रोज भुवई वर जाणार होती. आणि क्लॅरिनेटवाल्याची खुर्ची मास्तरांच्या अगदी नाकासमोर होती. क्लॅरिनेटवाल्याला सोलो मिळू नये असं फुग्याला मनापासून वाटत होतं. पण टीबी मिळावा असं नव्हतं वाटत. निदान रोज तरी नव्हतं.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. तो घेऊन फुग्या संध्याकाळी थेट तालमीला गेला. वादक खुर्च्यांवर होते. मास्तर समोर उभे होते. इस्त्रीचा कोट, हातात छडी, वाळलेला चेहरा. एवढा वाळलेला तो कधी झाला, हे फुग्याला आज पहिल्यांदा दिसलं. कोट हँगरवर असल्यासारखा लोंबत होता.

मास्तरांनी कागद लांब धरून वाचला. "माणसाचं आहे. वाद्याचं कुठे लिहिलंय?"

"वाद्याला फुप्फुस नसतं, मास्तर," फुग्या म्हणाला, आणि खिडकीपाशी जाऊन त्याने गादी दोन्ही हातांनी धरून ओढली.

वर्षानुवर्षांची धूळ खाली आली. अख्खा बँड खोकू लागला. झांजवाल्याच्या हातातून झांजा पडल्या. फुग्याने खिडकी ढकलली, हवा आत आली, आणि हळूहळू एकेक जण थांबला. मास्तर थांबले नाहीत. त्यांची डावी भुवई वर गेली.

ढोल वाजला नाही.

भुवई आणखी वर गेली, अगदी कपाळाच्या टोकापर्यंत. धडामने काठी मांडीवर ठेवली आणि हात बांधले. खोलीत फक्त तो खोकला होता. ओला, लांब, मध्ये श्वास घेऊन पुन्हा सुरू होणारा. फुग्याला तो तोंडपाठ होता. त्याच्या स्वतःच्या छातीत तो राहून गेला होता.

"धडाम!" मास्तर कसेबसे म्हणाले. "कुठे गेलास?"

"इथेच आहे, मास्तर. ढोल आज सुट्टीवर आहे."

"मला पॉलिशची ॲलर्जी आहे!" मास्तर सगळ्यांना म्हणाले. कोणीच काही म्हणालं नव्हतं.

"माझी छाती झिजली होती, मास्तर," फुग्या म्हणाला. "बायकोच्या मते गार पाणी होतं. शेजारी विचारलंत तर अल्सर होता." तो जवळ गेला. "उद्या सकाळी माझ्याबरोबर चला. मला दवाखान्यात सगळे ओळखतात. छातीला तेल घातलेला पेशंट म्हणून."

मास्तर खुर्चीत बसले. छडी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. "आणि असलं तर?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"असलं तर गोळ्या. लघवी केशरी होते. ओरडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सगळा बँड एका रांगेत डब्या घेऊन अंगणात उभा होता. क्लॅरिनेटवाल्याने लाकडाचा मुद्दा ताईंपुढेही मांडला. ताईंनी त्याला डबी दिली. रिपोर्टांत क्लॅरिनेटवाल्यासकट सगळे सुटले. मास्तरांचा रिपोर्ट मात्र पॉझिटिव्ह आला. ते फुग्याशेजारी बाकावर बसून कागदाकडे बघत राहिले.

"म्हणजे तू मला दिलास," ते म्हणाले.

"मास्तर, तुमचा माझ्या आधीचा. ढोलाला विचारा."

मास्तरांनी बोटांवर महिने मोजले. "म्हणजे मी तुला."

"असू द्या. सोलोही तुम्हीच दिला होता."

मास्तर हसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांदेखत, भुवई वर न करता खोकले. मग डॉक्टरांनी त्यांना गोळ्या समजावून सांगितल्या. ते "हो डॉक्टर, हो डॉक्टर" म्हणाले. फुग्याने त्यांचे डोळे पाहिले आणि स्वतः कान देऊन सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या सकाळी मास्तरांचा फोन आला, तेव्हा त्याने 'हॅलो'च्या ऐवजी "गोळ्यांचा रंग आहे," असंच म्हटलं.

प्रश्न उरला शनिवारच्या शेवटच्या तालमीचा. मास्तरांना सध्या लोकांबरोबर खोलीत बसायची मनाई होती, आणि मास्तरांशिवाय बँड म्हणजे रस्ता ओलांडणाऱ्या शेळ्या. तोडगा मास्तरांनीच काढला. सगळ्या गाद्या उतरल्या, सगळ्या खिडक्या उघडल्या. रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर, कोट आणि मास्क घालून, मास्तर छडी उंचावून उभे राहिले.

पहिल्याच सुरावर समोरच्या इमारतीतले काका खिडकीत आले. "ए! खिडक्या लावा!"

"डॉक्टरांचा हुकूम आहे, काका!" धडाम ओरडला.

"कोणाला काय झालंय?"

सगळे फुग्याकडे बघू लागले. त्याच्या ओठांवर 'अल्सर' आलाच होता. तो खिडकीतून वाकला. "मला टीबी झाला होता, काका! गोळ्या चालू आहेत!"

काकांनी मागे वळून घरात पाहिलं. मग वाकून, हात तोंडाशी धरून, गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजले, "मलाही झाला होता, लग्नाआधी. हिला बोलू नकोस!"

"मला माहीत आहे!" आतून काकूंचा आवाज आला.

काकांची खिडकी उघडीच राहिली.

धून सुरू झाली. मास्तरांची छडी पलीकडून फिरत होती. एक सायकलवाला तिला बघून डावीकडे वळला. फुग्याच्या हातात घासून पुसून लखलखीत केलेला ट्रम्पेट होता. क्लॅरिनेट खाली सरकलं, ढोल शांत झाला, आणि तो एकटा वर चढू लागला. पहिली पायरी बरी गेली. दुसरी गेली. सर्वांत वरच्या सुराच्या अगदी अलीकडे त्याचा दम संपला. पूर्वी संपत नसे. आता पुरेना, इतकं साधं होतं ते. त्याने घाबरून खिडकीबाहेर पाहिलं.

मास्तरांनी छडी आडवी धरली आणि दुसरा हात पंजा उघडून समोर केला: थांब.

रस्त्यावरचा ट्रक थांबला. त्याच्यामागची मोटार थांबली. मागचे हॉर्न वाजवायला लागले, तर मास्तरांनी त्यांच्याकडे अशी भुवई केली की तेही गप्प झाले. उजवी भुवई. सगळी गल्ली श्वास धरून उभी राहिली, आणि तेवढ्यात फुग्याने आपला भरला. पोटापासून, बरगड्या उघडून.

मास्तरांची छडी वर गेली. फुग्याचे गाल फुगले. सूर निघाला आणि राहिला. एवढा राहिला, की ट्रक ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.